शेऱ्याचा रकाना कोरा ठेवावा

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस पुस्तकं देतो, पुस्तकं घेतो आणि मधल्या वेळात डुलक्या काढतो. माझ्या नोकरीची पहिली बावीस वर्षं हे बरंचसं खरं होतं. शेवटच्या आठ वर्षांत मात्र मी पुस्तकाला हात लावला असेल तो धूळ झटकण्यापुरता. त्या आठ वर्षांत मी विद्वान मोजत होतो. दिग्रसच्या आमच्या कॉलेजात, वाचनालयाच्या खिडकीपाशी, एका संगणकावर. डॉक्टरेट झालेली मोठमोठी माणसं दारात चपला काढून आत यायची आणि दबक्या आवाजात विचारायची, "गावंडे सर, माझा किती झाला?" मी स्वतः बी.लिब., द्वितीय श्रेणी.

हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं, तेही ऐकण्यासारखं आहे. कॉलेजाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘प्राध्यापकांचा एच-इंडेक्स’. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, मग उपप्राचार्यांना वाचायला दिला. दोघांचं एकमत झालं की इंडेक्स म्हणजे सूची, आणि सूचीचा काही प्रकार असेल तर तो वाचनालयात असणार. शिपाई फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. मीही नाही म्हटलं नाही, कारण बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला काही विचारत होतं.

आता हे प्रकरण काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एखादा संशोधक लेख छापतो. दुसरा कोणी आपला लेख लिहिताना पहिल्याच्या लेखाचा दाखला देतो. हा एक दाखला म्हणजे एक सायटेशन. आता माणसाचे सगळे लेख एकाखाली एक लावायचे, जास्त सायटेशनवाला वर, कमीवाला खाली, आणि वरून नंबर टाकत यायचं. जिथपर्यंत लेखाची सायटेशन त्याच्या नंबराइतकी किंवा जास्त आहेत, तो नंबर म्हणजे तुमचा एच-इंडेक्स. पाच लेखांना प्रत्येकी निदान पाच दाखले मिळाले की तुम्ही पाच. एकाच लेखाला हजार मिळाले आणि बाकी सगळा ठणठणाट, तर तुम्ही एक. तुमची तीस वर्षं, तुमची रात्रंदिवसची मेहनत, तुमचं वाचन, सगळं धरून एक. हिशेब चौथीच्या पोराला जमेल इतका सोपा आहे, म्हणूनच तो सगळ्या देशाला आवडला.

पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं की हा एकच गज घेऊन सगळे विषय मोजणं म्हणजे शुद्ध येडेपणा आहे. रसायनशास्त्रात वर्षाला दहा लेख निघतात, एकेका लेखावर आठ-आठ नावं असतात. गणितात दहा वर्षांत दोन निघाले तर माणूस जोरात चालला असं समजतात. आमचे गणिताचे उईके सर पांढरकवड्याकडचे. त्यांचा इंडेक्स चार. मी जरा चाचरतच सांगितला, तर ते हसले आणि म्हणाले, माझा विषय समजणारी माणसं जगात बारा, त्यांतली दोन माझ्यावर नाराज आहेत, म्हणजे बरंच झालं म्हणायचं.

मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, साहेब, प्रत्येक विषयाची एक सरासरी असते, तिनं भागलं तर जरा न्याय होईल. कापूस एकरी किती आणि तूर एकरी किती, हे आपल्याकडे शेंबडं पोरही वेगवेगळं सांगतं. तुरीवाल्याला कोणी म्हणत नाही की तुझा उतारा कपाशीएवढा नाही, तू आळशी आहेस. प्राचार्यांच्या घरी वीस एकर शेती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गावंडे, पटलं मला. पण फॉर्ममध्ये रकाना एकच आहे." तिथं विषय संपला. पुढं आठ वर्षं मी कापूस, तूर, तीळ आणि ज्वारी एकाच काट्यावर घातली.

घातली ती घातली, वर एक शहाणपण केलं. हे माझं स्वतःचं डोकं, त्याचं खापर कोणावर फोडता येणार नाही. दर महिन्याच्या एक तारखेला वाचनालयाच्या फलकावर मी सगळ्या प्राध्यापकांची यादी लावू लागलो, इंडेक्सच्या उतरत्या क्रमानं, पहिल्या तीन नावांना लाल चौकट. वाटलं होतं, चुरस लागेल, लोक वाचनालयात येतील. आले बाप्पा, झुंडीनं आले. फलक पाहिला आणि गेले. पुस्तकाच्या कपाटाकडे कोणी मान वळवली असेल तर शपथ. पण मला तेव्हा त्या यादीचा फार अभिमान होता. मारेगावच्या एका कॉलेजचे ग्रंथपाल ती यादी पाहायला खास एसटीनं आले होते, आणि मी त्यांना चहा पाजून लाल चौकटीचं महत्त्व समजावून सांगितलं होतं.

या यादीत पहिलं नाव आठ वर्षं एकच राहिलं. रसायनशास्त्राचे डॉ. भोयर. माणूस मोठा गोड, कधी कोणाला टाकून बोलला नाही. त्यांची पद्धत मला हळूहळू कळत गेली. शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत करायची नसते, हे आपल्याला आईनं शिकवलेलं असतं. भोयर सरांनी ते संशोधनात आणलं. त्यांच्या ओळखीचे सात-आठ जण होते, कोणी अमरावतीला, कोणी नांदेडला. हा त्याच्या लेखाचा दाखला द्यायचा, तो ह्याच्या. वाटी सारखी फिरत राहायची आणि सगळ्यांचीच घरं भरलेली दिसायची. पुन्हा लेखावरची नावं. आमच्याकडे पुसदची गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. माणूस अजून पानटपरीवर असतो, पण जागा त्याची. भोयर सरांच्या लेखांवर असे बरेच रुमाल असायचे. काही जणांना तर लेख छापून आल्यावर कळायचं की आपण कसल्या गाडीत बसलो आहोत.

आणि यादीच्या तळाशी, शेवटून दुसऱ्या, वनस्पतिशास्त्राच्या डॉ. शांता राठोड. इंडेक्स तीन. त्यांच्या खाली होते ते मराठीचे सर, पण त्यांनी संगणकावर स्वतःचं नावच घातलं नव्हतं, म्हणून ते धरायचे नाहीत.

राठोड मॅडम दिग्रसजवळच्याच तांड्यातल्या. त्यांचं काम म्हणजे झाडं ओळखणं. यवतमाळ जिल्ह्यातलं गवत, तण, वेली, जे जे काही उगवतं ते पाहायचं, वाळवायचं, कागदावर चिकटवायचं, नंबर द्यायचा, रजिस्टरात नोंदवायचं. तीस वर्षांत त्यांनी अशी कपाटंच्या कपाटं भरली. या विषयाचं दुर्दैव असं की त्यात माणूस सगळ्यांना लागतो पण मोजला जात नाही. औषधी वनस्पतीवर कोणीही लेख लिहिला, तर त्यात एक ओळ घालावीच लागते की हे झाड अमुक तज्ज्ञानं तपासून ओळख पटवली, नमुना क्रमांक तमुक. या भागातले फार्मसीवाले, रसायनवाले, सगळे पिशवीत पाला घेऊन मॅडमकडे यायचे. मॅडम भिंगाखाली पाहायच्या, नमुना ठेवून घ्यायच्या, दाखला लिहून द्यायच्या. मग त्यावर लेख निघायचा, त्याला पन्नास सायटेशन पडायची, आणि मॅडमचं नाव आत कुठंतरी ‘साहित्य व पद्धती’ या मथळ्याखाली बारीक अक्षरात. ते सायटेशन नाही. यंत्र फक्त शेवटची संदर्भसूची मोजतं. ज्या झाडावर सगळी इमारत उभी, ते ओळखणाऱ्या बाईचा हिशेब शून्य. माझ्या तक्त्यात ‘अन्य योगदान’ असा एक रकाना होता. मॅडमच्या नावापुढे मी त्यात आठ वर्षं ‘निरंक’ लिहिलं. पुराव्याचा कागद जोडलेला नव्हता ना.

असं चाललं होतं, आणि मग प्राध्यापकपदाची एक जागा आली. आमच्या कॉलेजात ही जागा म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. संस्थेनं ठराव केला की इंडेक्स वीस असेल त्याचा थेट विचार होईल. नसेल त्यानं ‘विशेष योगदान’ पुराव्यानिशी दाखवावं. अर्ज दोन आले. भोयर एकोणीस, राठोड तीन. एकोणीस म्हणजे वीस नव्हे, म्हणून तांत्रिकदृष्ट्या दोघंही सारखेच. अध्यक्ष तोंडी म्हणाले होते की पन्नासेक संशोधनांत योगदान आहे असं मॅडमनी कागदावर दाखवलं तर त्यांचंही बघू. मॅडमना निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्या पदावर बसल्या तर त्यांची कपाटं ठेवायला संस्था स्वतंत्र खोली देणार होती, नाहीतर ती खोली संगणक विभागाला द्यायची आधीच ठरली होती आणि वाळवलेली झाडं कुठं जाणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मॅडमना पदाचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना खोलीचं पडलं होतं.

माझ्या मनात त्या आठ वर्षांच्या ‘निरंक’चं कुठंतरी खुपत होतं. दिवाळीच्या सुटीत मी घरचा फराळ सोडून वाचनालयात येऊन बसलो. संदर्भसूचीत नाही, तर लेखाच्या पोटात शोधायचं, असं ठरवलं. एकेक लेख उघडायचा, ‘साहित्य व पद्धती’ काढायची, मॅडमचं नाव आहे का पाहायचं. डोळ्यांचं पाणी झालं. पण यादी झाली एकसष्ट लेखांची. पन्नास मागितले होते, मी एकसष्ट दिले. लेखाचं नाव, वर्ष, झाड, नमुना क्रमांक, सगळं व्यवस्थित टाइप करून, पंच करून, हिरव्या फाइलीत घालून मी मॅडमच्या विभागात गेलो. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या ऐटीत मी जिना चढलो नव्हतो.

मॅडमनी यादी हातात घेतली. आभार मानतील, डोळे भरून येतील, असं काहीतरी मला वाटत होतं. त्यांनी खणातून लाल पेन काढला आणि नमुन्यांचं रजिस्टर समोर ओढलं. एकेक नंबर जुळवायला सुरुवात केली. सातव्या ओळीवर थांबल्या आणि सरळ आडवी रेघ मारली.

मी विचारलं, काय झालं?

"हे म्या पाह्यलंच नाही, सर. नाव माहं हाय, पण झाड माह्यापाशी आलं नाही."

मग नववी ओळ. मग तेरावी, चौदावी. मी मध्येच बोललो की मॅडम, छापलेलं आहे ते, नाव तुमचं आहे, राहू द्या ना. त्या मान वर न करता रेघा मारत राहिल्या. मग त्यांनी मला रजिस्टर दाखवलं. खोडलेल्या ओळींतल्या अकरा लेखांमध्ये नमुना क्रमांक एकच होता. झाडं वेगवेगळी, कुठं अडुळसा, कुठं टाकळा, कुठं निर्गुडी, पण क्रमांक तोच. रजिस्टरात त्या क्रमांकापुढे नोंद होती, धोतरा. झालं असं होतं की पहिल्या मुलानं खरंच धोतऱ्यावर काम केलं होतं आणि मॅडमकडून खरा दाखला नेला होता. पुढच्या मुलानं त्याच्या प्रबंधातली ती ओळ जशीच्या तशी उचलली, फक्त झाडाचं नाव बदललं. त्याचं पाहून तिसऱ्यानं. आपल्याकडे आधीच्या पोराचा प्रबंध समोर ठेवूनच पुढचा प्रबंध लिहायची रीत आहे, त्याला मार्गदर्शन म्हणतात. असा एका धोतऱ्याच्या फांदीला अकरा जातींचा पाला फुटला होता, आणि प्रत्येकाच्या ओळखीला जामीन म्हणून शांता राठोड.

तेवीस ओळी खोडल्या गेल्या. उरल्या अडतीस. पन्नासाच्या बारा खाली. इतकी वर्षं मी स्वतःचा आकडा फुगवणारी, ओढणारी, ताणणारी, घासून पुसून चकचकीत करणारी माणसं पाहिली. स्वतःचा आकडा स्वतःच्या हातानं कमी करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला.

म्हटलं, निदान स्वच्छ अडतीसची यादी टाइप करून देतो. त्या नको म्हणाल्या. कोणते खोडले ते निवड समितीला दिसलं पाहिजे, त्याशिवाय बाकीच्या अडतीसवर कोण भरोसा ठेवणार, असं त्यांचं म्हणणं.

आता शेवटची रेघ. तो लेख भोयर सरांचा होता, भुईआवळ्यावरचा. भुईआवळा कोणी पाहिला नसेल असं नाही. सोयाबीनच्या तासांत, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, घराच्या मोरीपाशी उगवतो तो. कावीळ झाली की आपल्याकडे त्याचा रस देतात. त्याच्यासारखीच दिसणारी दुसरीही जात शेजारी उगवते. मॅडमनी लेखातला फोटो संगणकावर मोठा केला आणि मला दाखवलं. एकाचं फळ गुळगुळीत, देठावर लोंबणारं. दुसऱ्याचं खरबरीत, दांडीला चिकटलेलं. फोटोतलं फळ खरबरीत होतं. म्हणजे लेखात काढलेला अर्क, त्याचे गुण, यकृतावरचा परिणाम, सगळं दुसऱ्याच झाडाचं, आणि खाली लिहिलेलं की ओळख पटवणाऱ्या डॉ. राठोड. मॅडम म्हणाल्या, माझ्या याडीला एक अक्षर येत नव्हतं, पण हे झाड तिनं काविळीला कधी दिलं नसतं, शेळीपुढं टाकलं असतं. याडी म्हणजे त्यांची आई.

मॅडम भोयर सरांकडे गेल्या. मी सोबत होतो. भोयर सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि अगदी मनापासून म्हणाले की मॅडम, तुम्ही तेव्हा निवडणुकीच्या कामावर होता, नियतकालिकवाले घाई करत होते, म्हणून नाव टाकून दिलं. आणि तुमचंच टाकलं ना, दुसऱ्या कोणाचं थोडंच टाकलं? म्हणजे त्यांच्या मते तो मान होता. दुरुस्ती छापा म्हटल्यावर ते फक्त हसले.

मॅडमनी ठरवलं की आपणच त्या नियतकालिकाला पत्र लिहायचं. एक पानाचं पत्र, लेखातली वनस्पती भुईआवळा नाही, ओळख मी पटवलेली नाही, एवढंच. मसुदा माझ्याकडे आणला, संदर्भ नीट लिहिलाय का पाहायला. मी संदर्भ पाहिला आणि माझं आठ वर्षांचं डोकं आपोआप चाललं. भोयर सरांची यादी उघडली. वरचे एकोणीस लेख वीस किंवा त्याहून जास्त सायटेशनवाले. विसाव्या नंबरावर हा भुईआवळा, सायटेशन एकोणीस. त्याला आणखी एक पडलं की भोयर वीस. आणि यंत्राला पत्रही सायटेशनच. कौतुक केलं काय आणि कान उपटला काय, यंत्राला दोन्ही सारखेच गोड.

मी दार लोटून घेतलं आणि मॅडमना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तुमच्या पत्रानं तो माणूस वीसवर जातो. जागा त्याची, खोली गेली. मुलाखती आचारसंहितेमुळे दोन महिने पुढं गेल्या आहेत. दोन महिने थांबा, मुलाखत होऊ द्या, मग पाठवा, तुम्हाला कोण विचारतंय. मॅडमनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं, पटलं.

"दोन महिन्यानं ते झाड बरोबर होईन काय, सर?"

मी संगणकावरची भोयरांची यादी बंद केली.

"माह्या नावावर भरोसा ठेवून कोणी तो पाला काविळीच्या माणसाले देऊन राह्यलं असंन तं? मले खोली पाह्यजे, पण अशी नाही पाह्यजे." आणि तिथंच, माझ्याच संगणकावरून, त्यांनी ते पत्र पाठवलं. पाठवायचं बटण कुठं असतं ते मीच दाखवलं.

पत्र पाच आठवड्यांत छापून आलं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी भोयर सर पेढ्यांचा पुडा घेऊन वाचनालयात आले. वीस झाले होते. मी विचारलं, विसावं कोणी दिलं ते पाहिलं का? ते म्हणाले, कोणी का देईना, आपल्याला काय करायचं? त्यांनी खरोखरच उघडून पाहिलं नव्हतं. वर जाऊन राठोड मॅडमच्या हातावरही एक पेढा ठेवून आले. मॅडमनी खाल्ला म्हणे, आणि भुईआवळ्याचा लेख परत घ्या, एवढंच सांगितलं.

आता माझी गोष्ट. मुलाखतीसाठी दोघांचा तक्ता मी करायचा होता. त्यात शेवटचा रकाना ‘शेरा’. आठ वर्षांत मी त्यात कधी काही लिहिलं नव्हतं. जुन्या हेडक्लार्कनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की शेऱ्याचा रकाना कोरा ठेवावा, पेन्शन वेळेवर मिळते. या वेळी मी लिहिलं. भोयरांच्या वीसपुढे लिहिलं, ‘यातील विसावे सायटेशन हे आक्षेपाचे पत्र असून मूळ लेखातील वनस्पती चुकीची आहे.’ एक ओळ. टाइप करताना बरं वाटत होतं.

समितीनं मला आत बोलावलं. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी माझी ओळ मोठ्यानं वाचली आणि प्रेमानं विचारलं, "अहो गावंडे, आक्षेप घ्यायलासुद्धा आधी लेख वाचावा लागतो ना? म्हणजे लेखाचा प्रभाव पडला. आपण प्रभावच मोजतोय." सगळे हसले. मग त्यांनी मॅडमची हिरवी फाइल उघडली. लाल रेघा पाहून अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. खाडाखोड असलेला दस्तऐवज ग्राह्य धरता येत नाही, असा नियम आहे म्हणे. खोडलेले तेवीसही गेले आणि न खोडलेले अडतीसही गेले. योगदान, निरंक.

प्राचार्य मला बाहेर घेऊन आले. खांद्यावर हात ठेवला. माझ्या निवृत्तीला दोन महिने होते, माझी पेन्शनची फाइल त्यांच्या सहीला त्यांच्याच टेबलावर होती. त्यांनी त्या फाइलीचा उल्लेखसुद्धा केला नाही, तेवढा सभ्यपणा त्यांच्यात होता. एवढंच म्हणाले की तक्ता जरा स्वच्छ करून द्या, शेरा असला की फाइल वर अडकते. मी संगणकापाशी बसलो. ती ओळ निवडली, पुसली आणि कोरा रकाना छापून दिला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पेन्शन वेळेवर सुरू झाली.

भोयर सर प्राध्यापक झाले. भुईआवळ्याचा लेख अजून जागेवर आहे, आणि चूक कशी होते याचं उदाहरण म्हणून आता त्याला भरपूर सायटेशन पडतात. खोलीत संगणक बसले. मॅडमची कपाटं प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आली, वर ताडपत्री. मॅडम रोज सकाळी ती ताडपत्री स्वतः काढतात आणि संध्याकाळी बांधतात.

निरोप समारंभात माझं फार कौतुक झालं. गावंडे सरांनी कॉलेजात संशोधनाचं वातावरण निर्माण केलं, असं भोयर सर बोलले. मला शाल दिली. शाल घेऊन मी व्हरांड्यात गेलो. कोणीतरी फार्मसीचा मुलगा पिशवी ठेवून गेला होता आणि मॅडम भिंगाखाली पाला पाहत होत्या. शेऱ्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, लिहिलेलंही आणि पुसलेलंही. वर आपली बाजू पण मांडली, जशी माणूस मांडतो. म्हटलं, मॅडम, मी नसतं पुसलं तरी काय फरक पडला असता? प्राचार्यांनी खोडलंच असतं.

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "त्यायनं खोडलंच असतं." त्यांनी पाल्याची फांदी उलटी केली, खालची फळं पाहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पण ते त्यायच्या हातानं झालं असतं, सर."